बाकावर सांगितलेला आकडा

ताई,

मी ३९ वर्षांचा आहे. मूळ करमाळ्याकडचा. बारा वर्षं पुण्यात आहे, त्यातली सहा पिंपळे सौदागरला स्वतःच्या टू बीएचकेमध्ये. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. पॅकेज ११ लाख ४० हजार. घराचा हप्ता ३९ हजार. बायको खासगी शाळेत शिकवते, तिला १९ हजार मिळतात, ते ती सगळे घरात घालते. मुलगी दुसरीत आहे.

रविवारी सकाळी बॅडमिंटन झालं की सोसायटीतले आम्ही आठ-दहा जण बाकावर बसतो. बरेचसे हिंजवडीतले. दिवाळीआधी पॅकेजचा विषय निघाला. कुणी ३२ म्हणालं, कुणी ४०. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि माझ्या तोंडून '२४' निघून गेलं. त्यानंतर लोणावळ्याची सहल, टर्फची वर्गणी, वाढदिवसांची जेवणं, कशालाच नाही म्हणता आलं नाही. क्रेडिट कार्डावर १ लाख १० हजार साठलेत. आता क्लबहाउस आणि जिमच्या नूतनीकरणासाठी फ्लॅटमागे ३५ हजार काढायचं चाललंय आणि त्यालाही मी बाकावर 'हो' म्हणून बसलोय.

मागच्या आठवड्यात एका मित्राच्या बायकोने भिशीत माझ्या बायकोला सहज म्हटलं, 'तुम्हाला काय, भावजींना २४ आहे.' रात्री बायकोने विचारलं, 'बाकीचे पैसे गावाला जातात का?' मी गप्प बसलो. तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते. मला लाज कशाची वाटते तेच कळत नाही, पगार कमी आहे याची की खोटं बोललो याची. माझ्या वयाच्या माणसाला इथे किती मिळायला हवेत, ते तरी सांगाल का?

एक वाचक, पिंपळे सौदागर

*

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी थांबले. तिने विचारलं, 'बाकीचे पैसे गावाला जातात का?' आणि तुम्ही गप्प बसलात. पगाराच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे, पण आधी या गप्प बसण्याचं बघू, कारण तिथे रोज नुकसान होतंय.

तिच्या जागी बसून बघा. महिन्याच्या १९ हजारांतला रुपया न् रुपया ती घरात घालते. मुलीचे बूट पुढच्या महिन्यात घेऊ, असं स्वतःलाच समजावते. आणि एका दुपारी भिशीत, हातात चहाचा कप असताना, तिला कळतं की नवऱ्याला महिन्याला दोन लाख मिळतात. चोवीसला बाराने भागायला वेळ लागत नाही, तिने ते तिथेच केलं असणार. घरात येतात पंच्याहत्तर-शहात्तर हजार. मग उरलेले सव्वा लाख कुठे जातात? 'गावाला' हे तिने स्वतःच्या मनाला दिलेलं त्यातल्या त्यात बरं उत्तर आहे. याहून वाईट उत्तरंही तिला सुचली असतील आणि ती तिने तोंडावर आणली नाहीत. तुमच्या गप्प बसण्याने तिच्या लेखी तुम्ही कबुली दिलीत, तीही न केलेल्या गुन्ह्याची. शिवाय गावाकडच्या तुमच्या माणसांवर ती राग धरेल, ज्यांचा यात काडीचा संबंध नाही.

म्हणून तिला सांगायचं. लवकर सांगायचं, आणि नुसतं तोंडी नाही, कागद समोर ठेवून.

मी एकतीस वर्षं बँकेत होते, त्यातली निम्म्याहून जास्त कर्ज विभागात. पुरुष माणूस आपल्या पगाराचा कागद कसा हाताळतो हे मी टेबलापलीकडून खूप पाहिलंय. एक जोडपं अजून डोळ्यांसमोर आहे. गृहकर्जासाठी आले होते, सहकर्जदार म्हणून तिची सही हवी होती. त्याने पाकिटातून तीन सॅलरी स्लिपा काढल्या, चार-चार घड्या घातलेल्या. माझ्यासमोर त्या सपाट करताना त्याने डावा हात बायकोच्या बाजूने आडवा धरला, परीक्षेत शेजारच्याने बघू नये म्हणून मुलं धरतात तसा. ती बघत होती. तिने अर्जावर सही केली, पेनाला टोपण लावलं आणि शांतपणे म्हणाली, 'मी काही म्हणणार नाही, पण हात काढा.' त्याने हात काढला. आकडा तिच्या अंदाजापेक्षा बराच कमी होता, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि मला विचारलं, 'मॅडम, पंधराऐवजी वीस वर्षांचं केलं तर हप्ता किती बसेल?' पुढचा अर्धा तास हिशोब तिनेच केला. तो मात्र मोकळं मोकळं झाल्यासारखा पाठ टेकून बसला होता.

तुमच्या घरी नेमकं असंच होईल, याची खात्री मी देऊ शकत नाही. ती चिडेल. चिडावं असंच हे आहे. पण गेल्या आठवड्यापासून तिच्या मनात जो सव्वा लाखाचा भुंगा शिरलाय, तो कागद बघितल्याशिवाय जाणार नाही. गेल्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, पगार जमा होतो त्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि क्रेडिट कार्डाचं बिल, एवढं काढून ठेवा. आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमचं वार्षिक माहिती विवरण असतं, ज्याला सगळे एआयएस म्हणतात. पगार, व्याज, लाभांश, जे जे खात्यापर्यंत पोचलंय ते तिथे एका जागी दिसतं. ते तिच्यासमोर उघडा. पीएफचं पासबुकही उघडा. लपवलेला दुसरा पगार नाही हे तिला तिच्या डोळ्यांनी बघू दे. यातली एकही गोष्ट तिला आधीपासून माहीत नसेल, तर ती चूक त्या २४ लाखांहून जुनी आहे. नवरा गेल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळतील ते कागद घालून बँकेत आलेल्या बायका मी पाहिल्यात. त्यांना खातं कुठल्या शाखेत आहे हेसुद्धा सांगता येत नसे. ती वेळ आपल्या घरावर येऊ नये असं वाटत असेल, तर पगार बायकोला माहीत असलाच पाहिजे.

आता तुमचा प्रश्न. किती मिळायला हवेत?

आधी हे बघा, की बाकावर जे आकडे फिरतात ते पगाराचे नसतात. ती सीटीसी असते, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा वर्षाला होणारा एकूण खर्च. तुमचेच ११ लाख ४० हजार घ्या. महिन्याला झाले ९५ हजार. मूळ वेतन निम्मं धरलं तर ४७,५००. त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, म्हणजे ५,७००, आणि ग्रॅच्युइटीसाठी धरतात ते ४.८१ टक्के, म्हणजे २,२८५. हे दोन्ही तुमच्याच पॅकेजात मोजलेलं असतं. वर्षअखेरीला मिळणारा व्हेरिएबल भाग ६० हजार धरला तर महिन्याचे आणखी ५ हजार बाजूला गेले. उरले ८२ हजार. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कर गेला की हातात ७६ हजार. नव्या कररचनेत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत आयकर लागत नाही, त्यामुळे तो शून्य.

हेच गणित तुम्ही सांगितलेल्या २४ लाखांचं करू. महिन्याला दोन लाख. मूळ वेतन एक लाख, कंपनीचा पीएफ १२ हजार, ग्रॅच्युइटी ४,८१०. एवढ्या पॅकेजात व्हेरिएबल सहसा मोठं असतं, १५ टक्के धरलं तर महिन्याचे ३० हजार वर्षअखेरपर्यंत दिसत नाहीत, आणि तेव्हाही पूर्ण मिळतील याची हमी नाही. मग स्वतःचा पीएफ १२ हजार आणि आयकराचे साधारण २० हजार. हातात उरतात १ लाख २० हजारांच्या आसपास. कागदावर ती व्यक्ती तुमच्या दुपटीहून जास्त कमावते, बँकेत मात्र दीडपटीच्या जरासं पुढे. ४० म्हणणाऱ्याच्या आकड्यात कंपनीचे शेअर्सही असू शकतात. ते चार-चार वर्षांत थोडे थोडे हातात येतात, आणि काही जण सगळे एकाच वर्षात धरून सांगतात. म्हणजे तुम्ही बायकोच्या डोळ्यांसमोर उभे केलेले महिन्याचे दोन लाख, २४ लाख खरोखर असलेल्यालाही मिळत नाहीत. तिला हे गणित नक्की दाखवा.

दुसरी गोष्ट सरासरीची. बाकावर दहा जण आहेत आणि त्यांची पॅकेजेस ६, ८, ९, ११, १२, १४, १८, २२, ४० आणि ६० लाख आहेत असं समजा. बेरीज २०० लाख, सरासरी २० लाख. पण २० लाखांच्या खाली सात जण आहेत. बरोबर मधल्या जागेवरचा माणूस १३ लाखांच्या आसपास आहे. शेवटच्या दोघांनी सगळी सरासरी वर ओढून नेली, आणि बोलतातही बहुतेक तेच दोघं. ६ वाला आणि ८ वाला त्या वेळी रॅकेटची ग्रिप गुंडाळत बसलेला असतो. त्या सकाळी 'सगळे माझ्याकडे बघायला लागले' असं तुम्ही लिहिलंय. खरोखर किती जणांनी स्वतःचा आकडा सांगितला होता, ते आठवून बघा. दोन? तीन? बाकीचे का गप्प होते, असं तुम्हाला वाटतं? फुगवून सांगणारे तिथे तुम्ही एकटेच होतात, असंही मला वाटत नाही.

बाकाबाहेरचे आकडेही सांगते. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात देशातल्या नियमित पगारदारांची महिन्याची सरासरी कमाई वीस हजारांच्या घरात निघाली. २०२२-२३ मध्ये सुमारे ७ कोटी ४० लाख लोकांनी आयकर विवरणपत्रं भरली, त्यातल्या सुमारे ५ कोटी १६ लाखांचा कर शून्य होता. खाली बघा आणि समाधान माना, असं मला म्हणायचं नाही. तसल्या उपदेशाने कुणाचा हप्ता भरला जात नाही. तुम्ही ज्या फूटपट्टीने स्वतःला मोजताय ती फूटपट्टी दहा फुटांच्या एका बाकावर तयार झाली आहे, एवढंच सांगायचंय.

आणि खुद्द पिंपळे सौदागरचे पुरुष कोण आहेत? हिंजवडीतला मॅनेजर आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जिथे शेती होती तिथे आज इमारती आहेत, त्यामुळे दोन-चार गाळ्यांचं भाडं घेणारा गावकीतला माणूस आहे, त्याचं पॅकेज काहीच नाही आणि त्याला तुमच्या बाकावरच्या कुणाचीच भीती नाही. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेची जेमतेम पेन्शन घेणारे आजोबा आहेत. कोकणे चौकातला मेडिकलवाला आहे, त्याचं उत्पन्न त्याच्या सीएलाच ठाऊक. तुमच्या गेटवर बारा तास उभा असलेला वॉचमन आहे. ज्याचे वडील आधीच फ्लॅट घेऊन बसलेत त्याचे १२ लाख आणि ज्याला ३९ हजारांचा हप्ता आहे त्याचे १२ लाख, हे दोन निरनिराळे आकडे आहेत. दोघं कमावणाऱ्या घरातले १५ आणि एकट्याचे १५, हेही निराळे. पुरुषाचं उत्पन्न असं एका वाक्यात बाकावर ठेवताच येत नाही, कारण त्यामागे घर, कर्ज, आईवडील, आजारपण, जमीन असं सगळं असतं आणि ते कुणी सांगत नाही.

तुमच्या सॅलरी स्लिपवर एक बारीक ओळ असते, पीटी म्हणून. व्यवसाय कर. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यानुसार महिन्याला १० हजारांहून जास्त कमावणाऱ्या पुरुषाचे दरमहा २०० रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाला २,५००. १२ हजार कमावणाऱ्या वॉचमनचे तेवढेच आणि ४० लाखवाल्याचेही तेवढेच. बँकेत असताना दर फेब्रुवारीत शिपायापासून चीफ मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या स्लिपवर ती ३०० ची ओळ यायची. मला ती बघताना नेहमी बरं वाटायचं, का ते नीट सांगता येणार नाही.

आता लाजेबद्दल. यावर मी बराच विचार केलाय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

माझे थोरले भाऊ पिंपरीतल्या एका कारखान्यात होते. निगडीला प्राधिकरणात घर. त्या काळात त्यांच्या आळीत कुणाला किती पगार आहे हे सगळ्यांना माहीत असायचं, कारण तो करारात छापलेला असायचा. युनियन आणि कंपनीचा वेतन करार झाला की गेटवर गुलाल उडायचा, दुसऱ्या दिवशी पेपरात किती हजारांची वाढ ते यायचं, आणि संध्याकाळी वहिनी आणि शेजारच्या काकू वाटाणे सोलता सोलता महागाई भत्ता आणि हजेरी बक्षीस किती वाढलं याचा हिशोब करायच्या. भाऊ कुठल्या ग्रेडला आहेत हे माहीत असलं की पगार माहीतच. लपवायला काही नव्हतं, त्यामुळे फुगवायलाही काही नव्हतं. मला तो काळ गोड करून सांगायचा नाही. त्याच गेटबाहेर काही महिन्यांनी ब्रेक मिळणारे टेम्पररी होते, त्यांचे हाल कुठल्याच करारात नव्हते, आणि आज तुमच्या चाकणला कंत्राटी मुलांचं काय चाललंय ते तुम्ही माझ्याहून जास्त बघता. पण कायम असलेल्या माणसाला आपला पगार शेजाऱ्यापासून लपवावा लागत नव्हता, हे खरं आहे.

नंतर पगार खासगी झाला. ऑफर लेटरमध्येच लिहिलेलं असतं, की कुणाला सांगू नका. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आपल्यापेक्षा किती जास्त मिळतात हे कळत नाही, आणि ते न कळणं कंपनीच्या सोयीचं असतं. इकडे तोच आकडा लग्नाच्या बाजारात मात्र पहिल्या ओळीत येतो. वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर मुलाच्या नावाखाली शिक्षण, आणि त्याखाली लगेच पॅकेज. 'मुलगा पुण्यात आहे, किती आहे?' या प्रश्नातलं 'किती' म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ऑफिसात तोंडाला कुलूप, लग्नाच्या बैठकीत छाती पुढे काढून सांगायचं. पंचविशीपासून मुलांना या दोन टोकांमध्ये वाढवलं, की एकोणचाळिसाव्या वर्षी एका रविवारी सगळ्यांनी बघितल्यावर तोंडातून २४ निघतं. मी तुम्हाला माफ करतेय असं समजू नका, तो हक्क तुमच्या बायकोचा आहे. पण ते २४ कुठून आलं असावं, हे तुम्हाला समजावं असं मला मनापासून वाटतं. तुमच्या ११ लाख ४० हजारांत लाजण्यासारखं काही नाही. लाज वाटते ती त्या दिवसापासून दोन माणसांचं जगणं जगावं लागतंय म्हणून, आणि त्यातल्या एकाचा खर्च दुसऱ्याला झेपत नाही म्हणून.

हा खर्च किती, तेही बघू. कार्डावरच्या १ लाख १० हजारांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज धरा. ३,८५० रुपये झाले, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. महिन्याला साधारण साडेचार हजार. तुमच्या बायकोच्या पगाराचा जवळजवळ चौथा भाग. तुम्ही नुसते 'किमान देय' भरत असाल, तर मुद्दल जागचं फारसं हलत नाही, आणि नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून ते कार्ड आजच कपाटात ठेवा. बँकेला फोन करून ही थकबाकी हप्त्यांत बदलून घ्या, व्याज बरंच खाली येतं. व्हेरिएबलचे ६० हजार हातात आले की सगळेच्या सगळे तिथे भरा. मुदत ठेव असेल आणि तिला हात लावायला जीवावर येत असेल, तरी सांगते, सात टक्के मिळवत चाळीस टक्के भरण्यात अर्थ नाही, मोडा.

क्लबहाउसचे ३५ हजार हा सगळ्यात सोपा भाग आहे, कारण तिथे नियम तुमच्या बाजूने आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेत समितीला स्वतःच्या अधिकारात करता येणाऱ्या खर्चाला मर्यादा असते, त्यापुढचा खर्च सर्वसाधारण सभेत मंजूर करावा लागतो. बाकावरच्या 'हो'ला तिथे काही किंमत नाही. सभेची नोटीस आली की लेखी सूचना द्या, की रक्कम चार तिमाहींत विभागून घ्यावी, आणि जिमचा खर्च क्लबहाउसपासून वेगळा मांडून त्यावर वेगळं मत घ्यावं. कारण सांगायची गरज नाही, पगार विचारायचा हक्क कुठल्याही उपविधीत कुणाला नाही. सूचना वाचली जाईल तेव्हा कोण कोण मान डोलावतं ते बघा. ग्रिप गुंडाळणारे दोघं नक्की डोलावतील.

राहिला तो मित्र, ज्याच्या बायकोने भिशीत सांगितलं. त्याला खरं सांगावं का? इथे मला वाचकांकडून बोल लागतील, कारण बरेच जण म्हणतील की झाकली मूठ राहू द्या, लोक विसरतात. लोक विसरतीलही. पण तुमच्या बायकोला त्याच भिशीत दर महिन्याला जायचंय. तिला खरं कळल्यावर तुम्ही बाहेर गप्प राहिलात, तर उद्या कुणी 'तुम्हाला काय' म्हटलं की तिने हसून मान डोलवायची का? म्हणजे तुमचं खोटं तिने सांभाळायचं. ते तिच्यावर टाकू नका. सगळ्या बाकासमोर उभं राहून जाहीर करायची काही आवश्यकता नाही. त्या एका मित्राला पार्किंगमध्ये गाठा आणि सरळ सांगा: 'त्या दिवशी मी आकडा फुगवून सांगितला. माझं पॅकेज त्याच्या निम्मंही नाही. घरात त्यावरून गैरसमज झाला, म्हणून तुला सांगतोय.' एवढंच. विनोद करू नका, कारणं देऊ नका. त्याने पुढे कुणाला सांगितलं तर सांगू दे. आणि यावर तो काय बोलतो ते नीट ऐका, कदाचित तोही काही सांगेल. गेल्या वर्षभरात हिंजवडीतल्या किती घरांमध्ये नोकरीची धास्ती आहे, ते मला येणाऱ्या पत्रांवरून दिसतं. जुलै २०२५ मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, त्यानंतर तर जास्तच. चाळीस लाखांचा माणूस रात्री शांत झोपतो, असं समजू नका.

आणि पगार वाढावा असं तुम्हाला खरंच वाटत असेल, बाकासाठी नाही, घरासाठी, तर ती चांगली गोष्ट आहे आणि त्यासाठी उशीर झालेला नाही. तुमच्या क्षेत्रात आयएटीएफ १६९४९ चं, म्हणजे वाहन उद्योगातल्या दर्जाच्या मानकाचं, ऑडिटर प्रशिक्षण असेल तर पुढच्या मुलाखतीत फरक पडतो. सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतून थेट गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या सप्लायर क्वालिटीत जाता येतं. पण हे आत्ता काढू नका. आत्ता काढलंत तर बायकोला वाटेल, तुम्ही २४ खरं करून दाखवायला निघालात.

सांगायचं कधी, ते शेवटी. रात्री नको, दोघंही थकलेले असता आणि मुलगी जागी असते. या रविवारी बॅडमिंटनला जाऊ नका. मुलीला सकाळी खाली खेळायला पाठवा, चहा तुम्ही करा, कागद जेवणाच्या टेबलावर उलगडून ठेवा आणि तिने विचारलेल्या प्रश्नापासूनच सुरुवात करा: गावाला काही जात नाही, जे आहे ते हे आहे. मग ती जे बोलेल ते मध्ये न तोडता ऐका, अर्धा तास लागला तरी.

पार्किंगमधलं बोलणं त्या आठवड्यात उरकून टाका. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र खेळायला जा, नक्की.